कागद आणि शाई वाया न घालवता प्रिंट कशी काढायची

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. कोकणातला तालुका, चार महिने पाऊस, आणि सकाळी दहापासून गर्दी. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रकल्प, बचत गटाचे हिशेब. बिघडलेली पानं मी टेबलाखालच्या खोक्यात टाकायचे आणि खोकं भरलं की रद्दीत द्यायचे. एका जूनमध्ये दुपारभर वीज नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं, म्हणून खोकं उपडं केलं आणि पानं वेगवेगळी लावत बसले. शेवटच्या पानावर दीडच ओळ आलेली, गिऱ्हाईकाला नको होती तरी निघालेली, फॉन्ट उडून भलतीच चिन्हं छापलेली, काळेकुट्ट फोटो, एकच फाईल तीनदा. प्रिंटरने चुरगाळलेली किंवा तिरकी ओढलेली पानं मूठभरच होती. बाकी सगळा कागद ‘प्रिंट’वर बोट पडण्याआधीच वाया गेलेला होता.

त्या दिवसापासून मी जे बदललं ते इथे क्रमाने लिहिते. घरी एक प्रिंटर असो, शाळेचं ऑफिस असो की सोसायटीचं, बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

पहिली पायरी: आठवडाभर बिघडलेली पानं साठवा

सेटिंगला हात लावण्याआधी एक खोकं ठेवा आणि सात दिवस वाया गेलेलं एकही पान फेकू नका. मग कारणाप्रमाणे गठ्ठे करा. जो गठ्ठा सगळ्यांत उंच, तिथून सुरुवात करायची. शाळेत तो बहुधा एक्सेलच्या पानांचा निघेल, घरी वेबसाईटवरून काढलेल्या पानांचा.

मोजायला सोपं जावं म्हणून दोन हिशेब लक्षात ठेवा. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा असतो, म्हणजे ५०० कागदांची रिम २.३ किलोच्या आसपास. खोकं वजनकाट्यावर ठेवलं की किती पानं गेली ते मोजत बसावं लागत नाही.

दुसरा हिशेब टोनरचा, म्हणजे लेझर प्रिंटरमधल्या शाईच्या पुडीचा. कार्ट्रिजच्या खोक्यावर पानांचा जो आकडा असतो, तो पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होईल असं धरून काढलेला असतो. दुकानोदुकानी दिसणारं एचपीचं १२ए कार्ट्रिज २,००० पानांचं म्हणून विकलं जातं, ते याच हिशेबाने. पाच टक्के म्हणजे चारदोन परिच्छेदांचं साधं पत्र. पान १० टक्के भरलं की तेच कार्ट्रिज १,००० पानांतच संपणार. वर काळी पट्टी, मध्ये फोटो आणि खाली रंगीत चौकट असलेलं पान तर कित्येक पत्रांचा टोनर एकटंच खातं.

दुसरी पायरी: मूळ सेटिंग एकदाच नीट लावा

दर वेळी आठवणीने सेटिंग बदलणं कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नाही. म्हणून कंप्युटरलाच काटकसरीची सवय लावायची. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, आपला प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये जा. तिथे कागद ए-फोर आहे ना ते आधी बघा. पुष्कळ प्रिंटर आणि प्रोग्राम अमेरिकेतल्या ‘लेटर’ मापावर लावलेले येतात. लेटरची उंची २७९ मिलिमीटर आणि ए-फोरची २९७. हा १८ मिलिमीटरचा फरक दिसायला थोडा, पण त्यापायी शेवटच्या दोनतीन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात, नाहीतर प्रिंटर ‘लेटर कागद घाला’ म्हणून अडून बसतो.

त्यानंतर रंगीत प्रिंटरला ‘ग्रेस्केल’ किंवा ‘ब्लॅक इंक ओन्ली’ लावा. ‘ब्लॅक इंक ओन्ली’ मिळत असेल तर तेच घ्या, कारण काही इंकजेट प्रिंटर नुसत्या ग्रेस्केलमध्ये करडा रंग जमवायला रंगीत शायासुद्धा वापरतात. दर्जाच्या जागी ‘ड्राफ्ट’ किंवा टोनर वाचवणारा पर्याय निवडा. एचपीत त्याला ‘इकॉनोमोड’ म्हणतात, इतर कंपन्यांत ‘टोनर सेव्ह’ असं काहीतरी नाव असतं. प्रिंटर आपोआप पाठपोट छापत असेल तर तेही इथेच लावून टाका.

ड्राफ्टवर सगळंच छापायचं नाही. ज्या कागदावर क्यूआर कोड किंवा बारकोड आहे आणि जो पुढे कुठेतरी स्कॅन होणार आहे, तो ड्राफ्टवर काढला तर कोड फिका येतो, स्कॅन होत नाही आणि माणसाला दुसरी प्रिंट काढायला परत यावं लागतं. मी यावर एक तोडगा काढला आणि दुकानातला सगळ्यांत उपयोगी बदल तोच ठरला. एकच प्रिंटर कंप्युटरवर दोनदा जोडायचा. ‘ॲड प्रिंटर’मध्ये हाताने जोडायचा पर्याय घ्या, आहे तेच पोर्ट आणि आहे तोच ड्रायव्हर निवडा आणि नाव वेगळं द्या. माझ्याकडे एकाचं नाव ‘कच्ची’ आणि दुसऱ्याचं ‘पक्की’. कच्चीला ड्राफ्ट, काळी-पांढरी, पाठपोट. पक्कीला चांगला दर्जा, एक बाजू. डीफॉल्ट कच्ची. आता मदतीला येणाऱ्या मुलीला सेटिंग समजावत बसावं लागत नाही, नाव वाचलं की कळतं.

डीफॉल्ट प्रिंटर निवडण्याआधी ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ हा पर्याय बंद करा. तो चालू असला तर शेवटी वापरलेला प्रिंटरच डीफॉल्ट होऊन बसतो, आणि तुम्हाला वाटतं आपण कच्चीवर पाठवतोय.

तिसरी पायरी: प्रीव्ह्यूत शेवटचं पान आधी बघा

कंट्रोल आणि पी दाबलं की समोर पहिलं पान दिसतं. ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. चूक शेवटी असते. म्हणून आधी एकूण पानं किती ते वाचा आणि सरळ शेवटच्या पानावर जा. तिथे दोन ओळी, नुसती सहीची जागा किंवा कोरं पान दिसलं तर थांबा.

वर्डमध्ये दोन ओळी मागच्या पानावर घ्यायला अक्षर बारीक करायची गरज नसते. आधी समास बघा. वर्डचा नेहमीचा समास चारही बाजूंनी २.५४ सेंटिमीटर असतो. फाईलला पंच करायला डावीकडे २.५ ठेवा, बाकी तिन्ही बाजूंना १.५ करा. मजकुराला जवळजवळ १६ टक्के जास्त जागा मिळते, आणि बघणाऱ्याला पान दाटलेलं वाटत नाही. चारही बाजू १.२७ केल्या तर २८ टक्के जागा वाढते, पण मग पंच अक्षरांवर पडतो. फाईलला लावायचा कागद असेल तर तो मोह नको.

समास बदलूनही ओळी मावत नसतील तर परिच्छेदांमधलं अंतर बघा. दोन परिच्छेदांमध्ये एंटर मारून सोडलेल्या रिकाम्या ओळी काढा आणि त्याऐवजी ‘स्पेसिंग आफ्टर’ ६ पॉइंट द्या. तीन पानांच्या अर्जात अशा पंधरावीस रिकाम्या ओळी सहज निघतात. शेवटी कोरं पान येत असेल तर कंट्रोल आणि एंड दाबून कर्सर तळाला न्या आणि रिकामे एंटर पुसा. कोरं पान तक्त्याच्या मागे आलं असेल तर ते पुसता येत नाही, कारण वर्ड तक्त्यानंतर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच. त्या परिच्छेदाचा फॉन्ट १ पॉइंट करा, पान नाहीसं होतं.

मराठी फॉन्टचा वेगळा विचार

फॉन्ट बदलून शाई वाचवण्याचे सल्ले बहुतेक इंग्रजी अक्षरांसाठी दिलेले असतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने २०१० मध्ये ई-मेलचा नेहमीचा फॉन्ट एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक केला, कारण त्याच्या रेघा बारीक आहेत. पण तो फॉन्ट रुंद आहे, त्यामुळे शाई वाचली तरी कागद जास्त लागू शकतो. मराठीचं गणित आणखी निराळं आहे. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते, म्हणजे ओळीभर एक आडवी रेघ छापली जातेच. ठळक अक्षर केलं की आधी तीच जाड होते. अख्खा अर्ज बोल्डमध्ये टाइप करण्याची सवय आपल्या कचेऱ्यांत फार आहे. फक्त ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ ठळक ठेवा, खालचा मजकूर साधा. वाचायलाही तो जास्त सुटसुटीत होतो.

कागद मात्र ओळींच्या उंचीत जातो. मंगल फॉन्टमध्ये दोन ओळींत बरीच जागा सुटते. तोच मजकूर कोकिळा किंवा अपराजितामध्ये टाकला तर पानं कमी भरतात, पण हे फॉन्ट त्याच आकड्याला बारीक दिसतात, त्यामुळे आकडा दोनतीन पॉइंटांनी वाढवावा लागतो. मंगलच ठेवायचा असेल तर ‘लाईन स्पेसिंग’मध्ये ‘एग्झॅक्टली’ निवडून हळूहळू आकडा कमी करता येतो. कुठे थांबायचं, त्यासाठी माझी एक खूण आहे. ‘कार्की’, ‘सर्वांत’, ‘राष्ट्रू’, ‘कृत्रिम’ असे चार शब्द एकाखाली एक टाइप करते आणि प्रीव्ह्यू मोठा करून बघते. रफारावरचा अनुस्वार वरच्या ओळीला टेकला किंवा ‘ट्रू’चा उकार खालून कापला गेला की आकडा एक पॉइंटाने वाढवायचा. इंग्रजीत चालणारं अंतर आपल्या अक्षरांना पुरत नाही, आपल्याला वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा लागते.

आता फॉन्ट उडण्याचा प्रकार. जुन्या फायली श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. ज्या कंप्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे त्या उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. घाईत कुणी पडद्याकडे न बघता प्रिंट दिली की दहा पानं रद्दीत. यावर उपाय एकच, दुसरीकडे प्रिंट काढायची फाईल घरूनच पीडीएफ करून न्या. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडलं की फॉन्ट सहसा फाईलबरोबरच जातो. नवं टाइपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कंप्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत करा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो.

पीडीएफ: हवी तीच पानं

“ताई, या जीआरची प्रिंट द्या,” म्हणून एक शिक्षक आले होते. शासन निर्णय चौदा पानांचा. मी विचारलं, “सर, यातलं काय हवंय?” त्यांना शेवटचं प्रपत्र भरून द्यायचं होतं, दोन पानं. शासन निर्णयात सुरुवातीला संदर्भ आणि प्रस्तावना असते, शेवटी ‘प्रत’ म्हणून कार्यालयांची यादी असते. वाचायला ते मोबाईलवर पुरतं.

पानांच्या जागी ‘१३-१४’ असं लिहा, किंवा सुटी पानं हवी असतील तर ‘२,५,१३-१४’. इथे एक फसगत होते. कागदावर छापलेला पान क्रमांक आणि फाईलमधला क्रमांक वेगळा असू शकतो. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका पुढे असल्या तर छापील बारावं पान फाईलमध्ये सोळावं निघतं. पान पडद्यावर आणा आणि वरच्या पट्टीतला आकडा वाचून तोच लिहा, किंवा सरळ ‘करंट पेज’ निवडा.

नुसतं वाचायला काढायचं असेल तर एका बाजूवर दोन पानं घ्या. ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘मल्टिपल’ आहे, इतर ठिकाणी ‘पेजेस पर शीट’. ए-फोरवर दोन पानं घेतली की अक्षर साधारण ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे १२ पॉइंटचं ८.५. वाचता येतं. चार पानं घेतली की १२चं ६ होतं, आणि सहा पॉइंटची जोडाक्षरं म्हाताऱ्या डोळ्यांना नुसते ठिपके दिसतात. माझ्या मते चार पानं फक्त पॉवरपॉइंटच्या स्लाईडसाठी ठीक. पाठपोट आणि दोन-दोन पानं मिळून ४० पानांच्या नोट्स १० कागदांवर बसतात. परीक्षेच्या दिवसांत मी मुलांना आधी एकच कागद असा काढून देते आणि विचारते, चालेल का? नाही म्हणणारे थोडेच.

एक्सेल: सगळ्यांत जास्त कागद खाणारं

एक्सेलला पान म्हणजे काय हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर शेवटचा एक रकाना वेगळ्या पानावर जातो आणि २० पानांची यादी ४० पानांची होते. हाजिरीपत्रक किंवा मतदारांची यादी काढताना हा क्रम पाळा.

आधी कंट्रोल आणि एंड दाबा. कर्सर तुमच्या यादीच्या शेवटी न जाता कुठेतरी लांब खाली गेला, तर तिथवर कधीतरी काही टाइप केलेलं किंवा चौकट आखलेली आहे आणि एक्सेल तिथवर छापू बघणार. यादी निवडा आणि ‘पेज लेआउट’मधून ‘प्रिंट एरिया’ लावा. मग तिथेच ‘विड्थ’ १ पान करा आणि ‘हाइट’ ‘ऑटोमॅटिक’ राहू द्या. दोन्ही १ केलं तर तीनशे नावं एका पानावर मुंग्यांसारखी येतात. रकाने जास्त असतील तर कागद आडवा करा. ‘प्रिंट टायटल्स’मध्ये मथळ्याची ओळ द्या, नाहीतर दुसऱ्या पानापासून कुठला रकाना कशाचा ते कळत नाही आणि पुन्हा प्रिंट काढावी लागते. शेवटी ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ उघडा. निळ्या रेघांनी पानं आखलेली दिसतात आणि रेघ धरून सरकवताही येते.

रकान्यांना भरलेले पिवळे-निळे रंग छापायची गरज नसते. ‘पेज सेटअप’च्या ‘शीट’ भागात ‘ब्लॅक अँड व्हाईट’वर खूण केली की रंग फाईलमध्ये राहतात, कागदावर येत नाहीत.

वेबसाईटवरून छापताना हवा तो मजकूर माउसने निवडा आणि क्रोममध्ये ‘मोअर सेटिंग्ज’खाली ‘सिलेक्शन ओन्ली’ लावा. ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ आणि ‘हेडर्स अँड फूटर्स’ काढून टाका. फायरफॉक्स आणि एजमध्ये वाचनाचा साधा मोड आहे, त्यात जाहिराती आपोआप गळतात.

मोबाईलवरून आलेले फोटो

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझ्या दुकानात सर्वांत जास्त टोनर यात जायचा.

व्हॉट्सॲपवर कागदपत्राचा फोटो येतो. कागद टेबलावर ठेवलेला असतो, टेबलावर फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा कपडा, कोपऱ्यात अंगठा, आणि फोटो काढणाऱ्याची सावली अर्ध्या कागदावर. पडद्यावर तो वाचता येतो. पण प्रिंटरला पांढरा कागद पांढरा दिसत नाही, सावलीमुळे सगळा करडा दिसतो. त्या करड्यासाठी तो पानभर बारीक ठिपके मारतो, आणि टेबलाचा कपडाही इमानेइतबारे छापतो. एवढं करून अक्षरं करड्यावर काळी, म्हणजे वाचायला कठीण. कचेरीत ती प्रत परत करतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. कॅमेऱ्याने फोटो काढण्याऐवजी स्कॅन करा. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय असते, आयफोनवर ‘नोट्स’मध्ये. ते कागदाच्या कडा ओळखून बाहेरचं कापतं आणि फिल्टरमध्ये काळं-पांढरं निवडलं की सावली जाते. खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असं उभं राहा. फोटोच आलेला असेल तर निदान कड कापा, आणि उजळपणा व कॉन्ट्रास्ट वाढवा. पाठीमागचा करडा पांढरा होईपर्यंत वाढवायचं, अक्षरं तुटायला लागली की एक पाऊल मागे.

स्क्रीनशॉटचंही तसंच. फोन ‘डार्क मोड’वर असेल तर स्क्रीनशॉट काळ्यावर पांढरा येतो. तसाच छापला तर जवळजवळ अख्खं पान काळं. आधी डार्क मोड बंद करून पुन्हा स्क्रीनशॉट घ्यायला सांगा.

आधार किंवा पॅनच्या दोन्ही बाजू एकाच पानावर बसतात. वर्डमध्ये दोन्ही चित्रं घाला आणि रुंदी ८.५६ सेंटिमीटर द्या, कार्डाचं खरं माप तेवढंच असतं. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे असतील तर चार बाय सहा इंची फोटो पेपरवर आडवे लावून आठ बसतात, उभे लावले तर सहाच.

साध्या प्रिंटरवर पाठपोट

प्रिंटर आपोआप उलटून छापत नसला तरी पाठपोट काढता येतं. लोक घाबरतात, कारण पहिल्यांदा पानं उलटी येतात. म्हणून आधी चार पानांच्या फाईलवर सराव करा. कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने बाण काढा आणि तो ट्रेमध्ये घाला. बाण आणि छपाई एकाच बाजूला आली की पाठीमागे, कुठल्या टोकाकडे आली ते बघा. कागद कसा परत घालायचा हे एकदा कळलं की चिठ्ठीवर चित्र काढून प्रिंटरवर चिकटवा.

मग आधी ‘ऑड पेजेस ओन्ली’ छापा. कागद बाहेर आल्यावर लगेच परत घालू नका. लेझर प्रिंटरचा कागद गरम असतो आणि वाकलेला असतो, तसाच घातला तर अडकतो. मिनिटभर वहीखाली दाबून ठेवा. मग चिठ्ठीप्रमाणे घाला आणि ‘इव्हन पेजेस’ द्या. काही प्रिंटरला दुसरी बाजू उलट्या क्रमाने द्यावी लागते, ते सरावात कळेल. पानं विषम असतील, समजा १३, तर शेवटच्या कागदाला मागची बाजू नसते. उलट्या क्रमाने छापताना तो आधीच बाजूला काढायचा, नाहीतर पुढची सगळी पानं एकेक घराने सरकतात.

शंभर पानं असली तरी दहा-दहा कागदांचा घास घ्या. मध्येच प्रिंटरने दोन कागद एकदम ओढले तर दहाच बिघडतील, पन्नास नाही.

पाठपोट कागद चालेल का हे जिथे द्यायचा तिथे आधी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए-फोर कागदावर पाठपोट छपाईचा नियम केला, तरी खालच्या कचेऱ्यांची पद्धत जागोजागी वेगळी आहे.

स्टॅम्प पेपरवर मात्र सराव करायचाच नाही. पट्टीने त्याचं माप घ्या, वर्डमध्ये तेच माप द्या आणि तेवढाच साधा कागद कापून त्यावर आधी छापा. दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावा. पहिली ओळ मुद्रांकाच्या चित्रावर चढत नसेल, शेवटची ओळ कडेबाहेर जात नसेल, तरच पाचशेचा कागद ट्रेमध्ये घाला. तोही एकटाच.

पावसाळ्यातला कागद

कागद हवेतलं पाणी पितो. जुलैत आमच्याकडे रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला कागद सकाळी कडेने वळलेला असतो, दोन-दोन मिळून ओढला जातो आणि टोनर त्यावर नीट बसत नाही. संध्याकाळी ट्रेमधला कागद काढून रिमच्या वेष्टनात परत ठेवा. वेष्टनाला आतून ओल न लागू देणारा थर असतो, म्हणून ते फाडून फेकू नका. रिम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवायची नाही. कागद घालण्याआधी पत्ते पिसतात तसा पिसून घ्या आणि कडा टेबलावर ठोकून सारख्या करा. वेष्टनावर बाण असेल तर ती बाजू आधी छापायची असते.

कोरडा कागद घालूनही प्रिंटर तो ओढत नसेल तर रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालेला असतो. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, किंचित ओल्या सुती फडक्याने रोलर पुसा आणि वाळू द्या. दर आठवड्याला तीन-चार कागद यातच वाचतात.

शाई आणि टोनर पुरवून वापरणं

इंकजेट प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो शाईचं हेड जागेवर नेऊन झाकतो. भिंतीवरून वीज तोडली की हेड वाटेत उघडं राहतं, शाई वाळते आणि मग सफाईत शाई जाते. वीज अचानक गेली असेल तर आल्यावर प्रिंटर चालू करून नीट बंद करा.

आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं छोटंसं काहीतरी छापा. ते न करता महिन्यांनी प्रिंटर उघडला तर जेवढी शाई वाचवली त्याहून जास्त सफाईत घालवावी लागते. रेघा दिसल्या तरी लगेच ‘क्लीनिंग’ चालवू नका, आधी ‘नोझल चेक’, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचं पान काढा. खरंच रेघ तुटत असेल तर एकदा सफाई, पुन्हा चेक. दोनतीनदा करून फरक नसेल तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. सफाईची शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजमध्ये जाते आणि तो भरला की प्रिंटर काम थांबवतो.

लेझरच्या प्रिंटवर मध्येच फिका पट्टा दिसला तर कार्ट्रिज काढून आडवं धरा आणि हळूहळू डावीउजवीकडे पाचसहा वेळा हलवा. टोनर सारखा पसरतो आणि आणखी पानं निघतात. ‘टोनर लो’ हा संदेश अंदाजाचा असतो, छपाई स्वच्छ आहे तोवर बदलायची घाई नको. टोनर सांडला तर कोरड्या फडक्याने टिपा. गरम पाणी लावलं की तो चिकटून बसतो.

एकच फाईल तीनदा

प्रिंट दिली, आली नाही, पुन्हा दिली, पुन्हा दिली. मग प्रिंटरची वायर नीट बसते आणि तिन्ही एकामागून एक बाहेर. प्रिंट आली नाही तर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी प्रिंटरची रांग उघडा. काम तिथे अडकलेलं दिसेल. ते रद्द करा, वायर आणि कागद तपासा, मगच पुन्हा द्या. रद्द होत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा. आणि प्रिंटरमधून पानामागून पान फक्त एकेक ओळ विचित्र चिन्हांची यायला लागली तर आधी ट्रेमधला कागद ओढून काढा, मग रांग रिकामी करा.

जे तरीही वाया जाईल

एक बाजू कोरी असलेली पानं कच्च्या प्रिंटसाठी चालतात. त्यांत पिन राहिली नाही ना ते बोटाने चाचपून बघा, पिन आत गेली तर ड्रमवर, म्हणजे लेझर प्रिंटरमधल्या छपाईच्या नळकांड्यावर ओरखडा पडतो. चुरगळलेली किंवा गोंद लागलेली पानं घालायची नाहीत. आणि ज्या पानावर कुणाचा आधार क्रमांक, पॅन किंवा बँक खातं आहे, ते पान पाठीमागे वापरायचं नाही आणि रद्दीतही द्यायचं नाही, फाडूनच टाकायचं. दुसऱ्याचे कागद आपल्या हाती असतात, त्याची जबाबदारी आपली.

उरलेली पानं मी मधोमध कापून, वरून पिन मारून वह्या करते. शेजारच्या अंगणवाडीतली मुलं त्यावर चित्रं काढतात. रिकामी कार्ट्रिज कचऱ्यात टाकत नाही, ती ई-कचऱ्यात मोडतात. खोक्यात साठवून कार्ट्रिज पुन्हा भरून देणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे देते. टेबलाखालचं जुनं खोकं अजून तिथेच आहे. पूर्वी ते महिन्याला भरायचं, आता गणपतीला रिकामं केलं की दिवाळीपर्यंत पुरतं.